मिठाच्या खिडक्या

"मी मिठाच्या खिडक्या करते," असं सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग हमखास विचारायचे, "आणि दारं कशाची करता?" मीठताईला या विनोदाची इतकी सवय झाली होती, की समोरच्यानं तोंड उघडायच्या आतच ती सांगून टाकायची, "दारं लाकडाचीच असतात हो."

तिचं खरं नाव कारखान्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आली तेव्हापासून ती मीठताईच. कारखान्यात यंत्रं बनायची. औषधात काय मिसळलंय, तेलात भेसळ आहे का, हवेत कुठला वायू किती आहे, हे ओळखणारी यंत्रं. त्यांच्या पोटातून डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेचा प्रकाश जावा लागतो. काच त्याला अडवते, मीठ अडवत नाही. म्हणून काचेच्या जागी मिठाच्या गोल चकत्या बसवतात आणि त्यांनाच खिडक्या म्हणतात. कधी ते आपलं रोजचं खायचं मीठ असतं, कधी पोटॅशियमचं, कधी सीझियमचं. ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं, आणि घराण्याची खोड एकच: पाणी दिसलं की पाय घसरलाच. चकती कितीही नितळ करा, एक थेंब पडला की तिथं खड्डा. थेंबच कशाला, बोलताना तोंडातून निघालेली वाफसुद्धा पुरते.

म्हणून मीठताईची खोली कोरडी खोली होती. लांबट, पांढरी, छतातल्या दुधी काचेतून खाली झिरपणाऱ्या उजेडाची. कोपऱ्यात हवेतली ओल शोषणारं यंत्र दिवसभर एकाच सुरात घुमायचं. आत चहा नाही, पाणी नाही, सर्दी झालेलं माणूस नाही. मोठ्यानं हसायलाही बंदी, कारण हसण्यात वाफ असते. त्या घुमण्यात आणि त्या उजेडात बसलं की सकाळ कधी सरली आणि दुपार कुठून आली ते कळायचं नाही. हात गोल गोल फिरत राहायचे, मऊ कापडावर चकती घासली जायची, धुरकट मीठ हळूहळू उजळायचं आणि मग एका क्षणी दिसेनासंच व्हायचं. चकती हातात असायची आणि हातात फक्त उजेड धरल्यासारखं वाटायचं. कित्येकदा मीठताईला शंका यायची, आपण जागेपणी काम करतोय की झोपेत?

हे काम तिच्याकडे आलं ते तिच्या हातांमुळे. तिचे तळहात जन्माचे कोरडे. शाळेत परीक्षेच्या आधी मैत्रिणींच्या हातांना घाम फुटायचा, तेव्हा हिचे हात उन्हात वाळवलेल्या कागदासारखे असायचे. चकत्या हाताळताना बाकीचे बोटांवर रबरी टोप्या चढवत. ही एकटी उघड्या बोटांनी काम करायची. बोट फिरवलं की चकती कुठं उंच राहिली आणि कुठं खोल गेली, ते तिला डोळ्यांच्या आधी कळायचं. तरुणपणी एकदा लग्न ठरता ठरता राहिलं, तेव्हा "मुलगी जरा कोरडी वाटली" असा निरोप आला होता. वहिनी त्या लोकांवर इतकी चिडली होती की दादाला तिला पाणी देऊन बसवावं लागलं. मीठताईला मात्र त्यात खोटं काही वाटलं नव्हतं.

घरी दादा, वहिनी आणि कॉलेजात जाणारी भाची. आत्याचं पान नेहमी वाढलेलं, आत्याची खोली नेहमी झाडलेली. मीठताईचं बरं चाललं होतं. म्हणजे, तिला कुणी विचारलं असतं तर तिनं तसंच सांगितलं असतं.

मग पलीकडच्या खोलीत फुंकर आला.

फुंकर म्हणजे काच फुंकणारा. ज्योतीवर काचेची नळी तापवायची, ती लोण्यासारखी मऊ झाली की तोंडानं फुंकून तिला हवा तो आकार द्यायचा, हे त्याचं काम. मिठाच्या खिडक्या ज्यात बसवतात त्या काचेच्या कुप्या तो करायचा. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, गोल चेहऱ्याचा गडी. आधीचा कारखाना बंद पडला म्हणून इकडे आलेला. लग्न केलेलं नव्हतं. आई दूरच्या गावात, दर सुटीच्या दिवशी तिला भेटायला जायचा. दिवसभर ज्योतीपुढं बसून तो घामानं निथळायचा, त्यामुळं कोरड्या खोलीत त्याला पाय ठेवायची परवानगी नव्हती. दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीत एक कप्पा होता, दोन्ही बाजूंना काचेची दारं असलेला. मीठताईनं चकती आत ठेवून आपलं दार लावायचं, मग त्यानं आपलं दार उघडून ती घ्यायची. दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत, हा नियम. दारं लावलेली असली तरी आवाज मात्र यायचा, जरा पाण्याखालून आल्यासारखा.

"ताई, आत कोणी आहे का?" पहिल्याच आठवड्यात तो आवाज आला.

"आहे. दार उघडू नका."

"नाही उघडत. पण ती तुमची चकती आहे ना, तिच्यावर माझा अंगठा उमटलाय."

"पुसलात का?"

"पुसला. मग जास्तच उमटला."

मीठताईला हसू आलं. हसणं दाबून ती म्हणाली, "आता ती पाण्यात टाका. तुमच्या टेबलाखाली काचेचं मोठं पातेलं आहे बघा. बिघडलेलं सगळं त्यातच जातं. पुष्कळ साठलं की पाणी आटवतात आणि मीठ परत मिळतं."

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. गेला असेल म्हणून ती कामाला लागली. मग पुन्हा तो आवाज, पण आता हळू.

"ताई, गेली हो ती."

"कोण?"

"चकती. मी बघत बसलो होतो. बुडबुडा नाही, आवाज नाही. कडेकडेनं नुसते पाण्याचे दोरे सुटत होते, उन्हात तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते तसे. मग बारीक झाली, आणि मग तिथं काही नव्हतंच. मी एवढी वर्षं काच बघतोय. काच फुटते, तडकते, हात कापते. अशी निघून जात नाही."

मीठताईचा हात कापडावरच थांबला. इतकी वर्षं ती बिघडलेल्या चकत्या पाण्यात टाकत आली होती. त्यांच्याकडे बघत बसावं, असं तिला कधी सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. तो विचारायचा, ती सांगायची. खायच्या मिठाला पाणी गरम काय नि गार काय, जवळजवळ सारखंच. पण सोरा म्हणजे पोटॅशियमचंच एक मीठ, ते गार पाण्यात हात आखडता घेतं आणि तेच पाणी तापवलं की किती विरघळेल त्याला सुमार नाही. सीझियमचं एक मीठ तर इतकं अधीर, की पाण्याची वाटही बघत नाही. उघड्यावर ठेवलं की हवेतली ओल पिऊन आपलं आपणच ओलं होतं.

"म्हणजे घराण्यात सगळेच पाण्यासाठी वेडे?"

"सगळे नाहीत. लिथियम धाकटं. त्याचीही बहुतेक मिठं विरघळतात, पण त्याचं फ्लोराइड नाही. ते पाण्यात टाकलं तरी दारातल्या पाहुण्यासारखं उभं राहतं. बसा म्हटलं तरी बसत नाही."

"का बरं?"

"आत सगळं फार घट्ट धरून ठेवलेलं असतं म्हणतात. पाण्यानं ओढलं तरी सुटत नाही."

हे तिनं घरीही सांगितलं, तेव्हा भाची पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "आत्या, म्हणजे तू लिथियम फ्लोराइड." दादा खो खो हसला. वहिनी हसली नाही. ती मीठताईकडं बघत होती. नणंद आज जेवताना गुणगुणत होती, हे तिच्या लक्षात आलं होतं.

दिवस असे जात होते, मऊ कापडावरून चकती सरकावी तसे. कप्प्यातून चकत्यांबरोबर कधी काचेची बोटभर बदकं यायची, कधी पोकळ काचेचा गोळा, ज्यात कान लावला की यंत्राची घूं-घूं समुद्रासारखी ऐकू यायची. मीठताई ती बदकं खिडक्यांच्या रांगेत मांडून ठेवायची. दुधी उजेडात ती तरंगताहेत असं वाटायचं.

आणि एक दिवस तपासणी विभागातून चकत्यांचं आख्खं ताट परत आलं. साहेब स्वतः घेऊन आले. मीठताईचं काम परत आलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं बोलावं कसं हेच त्यांना सुचेना.

"मीठताई, तुम्ही कुणाला हाताशी घेतलंय का? नाही म्हणजे, यांच्यावर ठसे आहेत."

"ठसे? कुणाचे?"

"तेच तर विचारतोय."

तिनं चकती दिव्याखाली तिरपी धरली. नितळ मिठात बारीक बारीक लाटा उमटल्या होत्या, एकीला लागून एक, आणि त्या लाटांना मधोमध छेदणारी एक तिरकी रेघ. मीठताईनं आपल्या डाव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. त्याच्यावर लहानपणी विळीनं कापल्याची तिरकी खूण होती. तिनं बोट अंगठ्यावर घासलं. बोट ओलसर होतं.

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. पण हे हात म्हणजे तिचं सगळं होतं. संध्याकाळी ती वहिनीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांनी नाडी पाहिली, गळा चाचपला, जीभ बघितली.

"झोप लागते?"

"लागते."

"दम लागतो? धडधड होते?"

"धडधड होते कधी कधी."

"कधी?"

"सकाळी. कामावर पोचले की."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून आधी तिच्याकडं पाहिलं, मग वहिनीकडं. "रक्त तपासून घ्या हवं तर. पण मला काही रोग दिसत नाही. हाताला घाम सगळ्यांनाच येतो हो."

"मला येत नाही," मीठताई म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर वहिनीनं पदर-बिदर काही नाही, सरळ रुमाल तोंडाला लावला आणि खांदे हलेपर्यंत हसली. "अगं, कोण आहे तो?"

"कुणी नाही."

"बरं, कुणी नाही तर कुणी नाही. पण त्या कुणी नाहीला एकदा घरी आण."

मीठताई रात्रभर नीट झोपली नाही आणि सकाळी कप्प्यापाशी जाऊन तिनं एका दमात सांगून टाकलं, "आजपासून कामापुरतंच बोलू. माझ्या चकत्या बिघडताहेत."

पलीकडं ज्योतीचा फुरफुर आवाज येत राहिला. मग फुंकर म्हणाला, "बरं."

का, कसं, काही नाही. नुसतं बरं. मीठताईला वाटलं, यानं निदान एकदा तरी विचारायला हवं होतं. मग वाटलं, विचारलं असतं तर आपण काय सांगणार होतो?

बोलणं थांबलं, पण घाम थांबला नाही. तिनं पहिल्यांदा बोटांवर रबरी टोप्या चढवल्या, आणि तिला अंधारात चाचपडल्यासारखं झालं. चकती कुठं उंच, कुठं खोल, काही कळेना. त्यातच मोठं काम आलं. डोंगरावरच्या एका वेधशाळेला जेवणाच्या ताटलीएवढी पोटॅशियम ब्रोमाइडची खिडकी हवी होती. एवढी मोठी कारखान्यात कधी झाली नव्हती. ठोकळा आला तो उशीएवढा. त्याला करवत लावली तर तडकायचा, म्हणून तो दोऱ्यानं कापायचा, ओल्या दोऱ्यानं. दोन चाकांवरून दोरा सावकाश फिरतो, जाता जाता पाण्यात बुडतो आणि मिठाला नुसता स्पर्श करत जातो. त्या स्पर्शापुरतं मीठ विरघळतं आणि दोरा केसभर आत उतरतो. मीठताई बाजूच्या छोट्या खोलीत त्या दोऱ्यापाशी बसून राहायची. ज्या पाण्यापासून जन्मभर चकत्या जपल्या, तेच पाणी इथं सुरीचं काम करत होतं. दोरा जायचा आणि यायचा. तिच्या डोळ्यांवर झापड यायची आणि त्या अर्धवट झोपेत कुणीतरी भिंतीपलीकडून तिला हाक मारायचं, पण काय म्हणतंय ते ऐकू यायचं नाही.

खिडकी जवळजवळ तयार झाली त्या दुपारी वरच्या मजल्यावरचा पाण्याचा नळ फुटला.

आधी दुधी काचेवर एक सावली पसरली. मीठताईला वाटलं, ढग आला असेल. मग काचेच्या कडेनं एक थेंब लोंबला, पडला, आणि पाठोपाठ धारच लागली. क्षणभर ती बघतच राहिली. या खोलीत पाणी पडतंय हे तिच्या डोळ्यांना खरंच वाटेना. मग तिच्या तोंडून किंकाळी फुटली, "पाणी! अहो, पाणी!"

फळीवरच्या कच्च्या मिठाच्या विटांवर धार कोसळत होती आणि विटा वितळणाऱ्या बर्फासारख्या गुळगुळीत होत चालल्या होत्या. तयार चकत्यांची ताटं उघडीच होती. मीठताईनं एक ताट उचलून कपाटात सरकवलं, दुसरं उचललं, पदोपदी पाय घसरत होता. मोठी खिडकी मधल्या टेबलावर होती आणि धार तिच्याकडं सरकत होती. एका वेळी दोन्हीकडं धावणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात खोलीच्या दोन दारांपैकी बाहेरचं धाडकन उघडलं, ते लागायच्या आतच आतलंही उघडलं, आणि फुंकर दोन्ही हातांनी काचेची भली मोठी घुमटी छातीशी धरून आत आला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. दारातच तो थबकला.

"येऊ का?" त्यानं विचारलं.

"आता काय विचारताय! या!"

त्यानं धावत जाऊन घुमटी मोठ्या खिडकीवर पालथी घातली. धार घुमटीवर आदळली आणि चारी बाजूंनी ओघळली. मग तो मीठताईच्या मागं येऊन उभा राहिला, कोपऱ्यातलं घमेलं डोक्यावर उचलून धरलं, आणि ती जिकडं जाईल तिकडं तिच्या डोक्यावर घमेलं धरून तो चालू लागला. ती ताट उचलायची, तो घमेलं धरायचा. चकत्यांना त्यानं बोटही लावलं नाही. घमेलं भरलं की तो ते आपल्याच पाठीवर ओतायचा. या घाईत, या आकांतात, मीठताईला हसू फुटलं आणि ती मोठ्यानं, वाफेसकट हसली.

पाणी बंद झालं तेव्हा सगळी ताटं कपाटात होती. फळीवर विटांच्या जागी पांढुरके गोटे उरले होते. लिथियम फ्लोराइडची एक चकती तेवढी भर धारेत पडून जशीच्या तशी होती. मीठताईनं ती बाहीला पुसून खिशात टाकली. मग दोघं मधल्या टेबलापाशी गेली. घुमटीच्या आत खिडकीचा वरचा भाग लख्ख होता. पण पाणी टेबलावरून पसरत घुमटीच्या कडेखालून आत शिरलं होतं, आणि खिडकी खालून अर्धी खाल्ली गेली होती.

"वरून वाचलं, खालून गेलं," फुंकर म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "माझी अक्कल तेवढीच. काचेनं झाकलं की वाचलं, असं वाटलं मला."

"तुम्ही नसता तर ताटंसुद्धा गेली असती."

"पण ही तुमची इतक्या दिवसांची मेहनत."

मीठताईनं बाह्या सरसावल्या. घुमटी बाजूला केली, खिडकी उचलली. "ते पातेलं आणा," ती म्हणाली. "स्वच्छ पाणी भरून. आता हिचं दुसरं काही होणार नाही."

पातेलं टेबलावर आलं. मीठताईनं खिडकी दोन्ही हातांनी पाण्यात उभी सोडली, आणि दोघं ओल्या कपड्यांनी ओल्या बाकावर बसून बघू लागली. खिडकीच्या कडांवरून पाण्याचे दोरे सुटले, खाली उतरू लागले, एकमेकांत गुंतू लागले. वरून येणारा उजेड त्यांच्यात मोडत होता. पलीकडची भिंत, कपाट, दार, सगळं सावकाश हेलकावत होतं. एकदा पाण्यातून फुंकरचा चेहरा दिसला, लांबुळका आणि थरथरता, मग रुंद झाला, मग विरला.

"पातेल्याला हात लावा," मीठताई म्हणाली.

त्यानं लावला आणि दचकला. "गार पडलंय!"

"विरघळताना हे मीठ पाण्यातली ऊब ओढून घेतं. त्याशिवाय त्याला सुटता येत नाही."

तिनंही हात लावला. काचेवर बाहेरून धुकं धरलं होतं आणि त्या धुक्यात दोघांचे तळवे शेजारी शेजारी उमटले. बाहेर साहेब ओरडत होते, कुणीतरी बादल्या आणत होतं. आत मात्र खिडकी आधी ताटलीची बशी झाली, बशीची पापडी, पापडीचा एक वाकडा तुकडा, आणि मग पाण्यात बघायला काही उरलं नाही. तरी दोघं बघतच होती.

"तुम्ही त्या दिवशी नुसतं बरं म्हणालात," मीठताई म्हणाली.

"मग काय म्हणायचं होतं? तुमच्या चकत्या बिघडत होत्या."

"तुमच्यामुळं बिघडत होत्या."

"ते कळलं होतं मला," तो म्हणाला. "माझ्याही बिघडत होत्याच की. आठवड्यात तीन कुप्या वाकड्या. फुंकताना श्वास मधेच तुटायचा."

नळ दुरुस्त होईपर्यंत कोरडी खोली कुलूप लावून ठेवली. ओल शोषणारं यंत्र तेवढं चालू होतं. काही दिवसांनी सकाळी साहेबांनी किल्ली दिली, तेव्हा मीठताई आत गेली आणि उंबऱ्यातच थांबली. मग मागं वळून तिनं फुंकरला हाक मारली.

जमिनीवर जिथं जिथं पाणी साठलं होतं, तिथं तिथं मीठ परत आलं होतं. चौकोनी, इवल्या इवल्या पेट्यांसारखे खडे, एकाला चिकटून एक, एकाच्या डोक्यावर एक. टेबलाच्या पायांना खडे, बाकाच्या कडेला खडे, विसरून राहिलेल्या तिच्या रुमालाला खड्यांची किनार. छतातून उजेड उतरत होता आणि सगळी खोली बिनआवाज लुकलुकत होती. दुरून पाहिलेलं एखादं शहर पहाटे असं दिसतं. दोघांपैकी कुणीच पाऊल टाकलं नाही.

"एक अडचण आहे," फुंकर म्हणाला.

"काय?"

"मी तुम्हाला ताई म्हणतो."

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांचं राहू दे."

मीठताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती खाली वाकली, एक खडा उचलल्यासारखं केलं, पण उचलला नाही. "मग सोडा ताई म्हणायचं," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणायचं ते सुचेपर्यंत अहो म्हणा."

सुटीच्या दिवशी तो घरी आला. दादा काय बोलावं हे न सुचून त्याच्याशी तासभर काचेच्या करामतींविषयी बोलला, आणि मधेच भावनेच्या भरात घरातली तडकलेली बरणी त्याला दुरुस्तीला देऊन बसला. भाचीनं त्याला "तुमचं गाल फुगवणं दाखवा ना" म्हणून गळ घातली. वहिनी मात्र फार बोलली नाही. तो गेल्यावर तिनं मीठताईला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुझी खोली तुझीच राहील हं. हवी तेव्हा ये." एवढं म्हणून तीच रडायला लागली.

नवा ठोकळा आला, नवी खिडकी झाली. मीठताईनं ती रबरी टोप्या घालूनच केली. बोटांना जे कळत नव्हतं ते तिला आवाजावरून कळू लागलं होतं. मीठ सपाट होत आलं की कापडावरची कुजबुज बदलते, हे तिला इतक्या वर्षांत ऐकूच आलं नव्हतं. वेधशाळेकडून खिडकी उत्तम आहे असा निरोप आला. साहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, आणि कोरड्या खोलीत टाळ्या वाजवायच्या की नाही याचा नियम नसल्यामुळं सगळ्यांनी वाजवल्या.

लग्न अगदी घरच्या घरी झालं. त्यानंतरच्या पहिल्या सुटीला दोघं त्याच्या आईकडं निघाली. बस सकाळची, जवळजवळ रिकामी. फुंकरनं तिला सगळं समजावून सांगितलं: पाण्याच्या टाकीनंतर एक पूल येईल, पुलानंतर पिवळी शाळा, तिथं उतरायचं, आईला कमी ऐकू येतं, जरा मोठ्यानं बोल, तिनं काही दिलं तर नको म्हणू नकोस. सांगता सांगता त्याचा आवाज झोपेनं जड झाला आणि मान तिच्या खांद्यावर कलली.

मीठताई बाहेर बघत बसली. शेतं मागं जात होती, उन्हात वाळत घातलेले कपडे, दारात बसून केस विंचरणारी बाई, सायकल पुसणारा म्हातारा. पाण्याची टाकी आली आणि गेली. पूल आला. बस हळू झाली तेव्हा पिवळी शाळा अगदी तिच्या डाव्या हाताला होती, फाटक उघडं, अंगणात कुणी नाही. कंडक्टरनं वळून पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

मीठताईनं खांद्यावरच्या माणसाकडं पाहिलं. त्याचा श्वास लांब, एकसारखा चालला होता. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. कंडक्टर हसला, त्यानं घंटी वाजवली आणि बस पुढं निघाली. शेवटचा थांबा अजून बराच लांब होता, आणि तिथून परतीची बस मिळणारच होती.